शिफारसपत्र

मोखोत्लोंगच्या डोंगरात जूनमध्ये बर्फ पडतो.
घाट बंद होतो आणि औषधांची गाडी
खाली कुठेतरी चाकांना साखळ्या बांधत बसते.
मी इथली मेट्रन. पुढ्यात दोन कागद.

पहिला, जुलैचा ड्यूटी-तक्ता.
तो मी पेन्सिलीनेच करते,
शाईने करायची तेव्हा माणसं होती.
प्रसूती विभाग, रात्रपाळी : लिनेओ.
पुरुष विभाग, रात्रपाळी : लिनेओ.
मधलं दार उघडं ठेवायचं,
म्हणजे इकडची हाक तिकडे पोचते.
याला आम्ही नियोजन म्हणतो.

दुसरा कागद इंग्लंडातून आलाय,
समुद्रकाठच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाचा.
छापलेले प्रश्न, पुढे आखलेल्या रेघा.

लिनेओ मोलेत्साने यांना आपण किती वर्षं ओळखता?
सहा.

आजारपणाच्या रजा किती?
एक. त्या दिवशीही ती इथेच होती,
नऊ नंबरच्या खाटेवर, हाताला सलाईन.
तासातासाला उठायची,
स्वतःची बाटली स्वतःच उंच धरून
शेजारणीचा रक्तदाब बघायची.
एवढं त्या रेघेवर मावत नाही.
मी फक्त एक लिहिते.

दबावाखाली काम करू शकतात का?

इथे मी पेन खाली ठेवलं.
स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं होतं.

मार्चमधली ती रात्र. वीज गेलेली.
जुळं होतं, पहिलं रडलं,
दुसऱ्याचे पाय आधी दिसले,
आणि पुरुष विभागातून कुणीतरी ओरडत होतं.
वॉचमन फाटकाबाहेर धावला, केनेवेला घेऊन आला.

केनेवे फाटकापाशी माक्वेन्या तळते.
नर्सिंग पास होऊन तिला तीन वर्षं झाली.
मासेरूहून पत्र आलंय : पदभरती गोठवली आहे.
गोठणं म्हणजे काय,
ते आम्हाला मासेरूने शिकवायला नको.
बारा जागा रिकाम्या, बारा खुर्च्या भिंतीशी,
आणि शिकलेली पोर बाहेर कढईशी.

कोपरापर्यंत हात धुतले तिने, दोनदा.
तरी तळणीचा वास जाईना.
त्या वासातच दुसरं बाळ बाहेर आलं,
निळसर, मग हळूहळू माणसाच्या रंगाचं.
रजिस्टरात तिचं नाव लिहिता येत नव्हतं.
मी पेन्सिलीने लिहिलं, सकाळी खोडलं.
उजेडाकडे धरलं तर अजून दिसतं.

होय, मी लिहिते. करू शकतात.

शेवटचा प्रश्न पानाच्या तळाशी आहे.
संधी मिळाल्यास आपण यांना
पुन्हा कामावर घ्याल का?
दोन चौकोन. होय. नाही.

नाहीवर खूण केली तर ती राहील.
इतकं सोपं आहे.
पाकीट मीच बंद करणार, कुणाला कळायचं नाही.
रात्री मधलं दार उघडं राहील, हाक पोचेल.
आणि तिच्या आईच्या घरावर
पत्र्याऐवजी प्लास्टिकच राहील,
वर दगड ठेवलेलं, तिनेच मला दाखवलं होतं,
तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून,
वारा सुटला की अख्खं घर कसं श्वास घेतं ते.

कोण कुठल्या त्या म्हाताऱ्या, समुद्रकाठच्या.
त्यांना ती केस विंचरून देईल.
त्यांचंही कुणी नसेलच,
नाहीतर इतक्या लांबून माणूस कशाला मागवतील?
तरी राग येतो. येऊ दे.

होयवर खूण केली. शाईने.
मग तक्ता ओढला, लिनेओ खोडली,
एकतीस वेळा, रबराचा चुरा मांडीवर पडला.
रात्रपाळीत माझं नाव घातलं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे बोलतात,
बोलू देत, सोबत होईल.
तरी तोंडमिळवणी होत नाही,
एक रकाना कुठूनही मोजला तरी उरतोच.

ब्लँकेट खांद्यावर पिनेने अडकवलं, फाटकापर्यंत गेले.
केनेवेने न विचारताच चार माक्वेन्या कागदात बांधल्या.
पैसे देताना मी म्हटलं,
आज रात्री घरीच आहेस ना?
तिने कढईखालचा जाळ कमी केला.
हात फडक्याला पुसले,
आणि नखं तपासली.