वीस बाय साठ

पाच हजारांच्या आत बसवा, म्हटलं,
आणि पन्नास मीटरवरचं भोक दिसलं पाहिजे.
चौगुल्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
भोक केवढं?
तुरीच्या दाण्याएवढं.
काळ्या वर्तुळात. म्हणजे काळ्यात काळं.
बसा, म्हणाले, चहा सांगतो.

एकतीस वर्षं मी सेलमला काढली, गलाईच्या भट्टीपुढं,
विट्याहून गेलेल्या सगळ्यांसारखी.
मुशीतला रंग बघून सांगायचो खोट किती,
बहुतेक वेळा बरोबर निघायचं.
आता त्याच डोळ्यांतल्या एकात मिरजेत बसवलेली लेन्स,
आणि पुतणी, प्रणोती, पालथी पडून गोळी झाडते.

पहिली दुर्बीण आठ बाय चाळीस.
हातात शहाण्यासारखी राहिली,
गणपती पेठेतली समोरची हळदीच्या दुकानाची पाटी सबंध दिली,
खालचा फोन नंबर मात्र नाही.
दुसरी नवीकोरी, खोक्यावर सत्तर पट छापलेलं.
अक्षरांना जांभळी झालर,
पाटी साबणाच्या पाण्यातनं काढून टांगल्यासारखी.
सत्तर खोक्याचे, चौगुले म्हणाले, काचेचे नव्हेत.

तिसरी खालच्या फळीवरून निघाली.
जुनी रशियन. वीस बाय साठ.
दीड किलोचं धूड, वंगणाचा वास.
चांदोलीकडच्या एका फॉरेस्टवाल्यानं आणून टाकलेली:
पक्षी सापडेपर्यंत फांदी रिकामी होते म्हणे.

लावली.
नंबर आला. शेवटचा आकडा एक.
नाही, नऊ.
पुन्हा एक.
पाटी हलत नव्हती, माझी नाडी हलत होती.
छातीतला एकेक ठोका रस्ता ओलांडून
हळदीच्या दुकानावर जाऊन आदळत होता.
वीस पट दिसतं तसं वीस पट हलतंही, चौगुले म्हणाले,
त्यात माणसाचा दोष नाही.
उजेड जरा कमी देईल,
पण आपल्या वयाच्या बाहुलीला तेवढा पुरतो.

मी म्हणालो, टार्गेट उडून जात नाही.
साडेपाच सांगितले होते.
चहा संपेपर्यंत अठ्ठेचाळीसशेवर आलो.

स्टँडला पैसे उरले नाहीत.
बांबूला सायकलच्या ट्यूबनं आवळली
आणि बांबू कुपवाडच्या माळावर दगडांत रोवला.
अकरानंतर जमीन उकळायला लागली,
टार्गेटं विहिरीच्या तळाशी पडलेल्या नाण्यांसारखी.
सकाळच्या पाळीसाठी पोरं का भांडतात
ते तिथं उभं राहून कळलं.

आदल्या रात्रीच तिनं बजावलेलं:
काका, बघा, पण तोंड उघडायचं नाही.
खोकायचंसुद्धा नाही.

पहिले सहा दाणे एका चिमटीत मावतील असे.
सातवा
खाली, डावीकडं, सातच्या रेघेवर,
पंगतीतनं उठवल्यासारखा एकटा.
मला दिसला. तिला नाही.
कागद ओढून आणेपर्यंत तिला कळायचं नव्हतं.
तिचा गाल लाकडाला टेकलेला होता,
बूट बाहेरच्या बाजूला पडलेले, निवांत.

सेलमला असं व्हायचं.
मूस थंड होत असायची, मला खोट दिसून गेलेली,
आणि बाकावरचं गिऱ्हाईक
नातवाच्या बारशाचं सांगत असायचं,
नाव ठरत नाही, दोन दिवस भांडण चाललंय.
मी चिमटा पुसत राहायचो. पुसलेलाच चिमटा.

खोकलो नाही.
ट्यूबची गाठ उगाच सोडली, उगाच बांधली.
शेजारचा पोरगा म्हणाला, आजोबा, मला बघू द्या की.
थांब, म्हटलं,
आणि डोळा परत काचेला लावला.
आठव्या दाण्याची जागा
अजून काळीच होती.