साडेतीन हजार लाद्या

प्रवासाचे प्रयोजन, असं विचारलंय अर्जात.
उल्हासने लिहिलं: बर्फ बघणे.
मी ते खोडलं, वर पर्यटन लिहिलं,
खाडाखोड चालत नाही म्हणून
कोरा अर्ज आणायला भर दुपारी
फेरीबोटीतून पणजीला गेले.

बत्तीस वर्षं दुसरं काय बघितलं आम्ही?
बेतीच्या धक्क्यामागे आमचा कारखाना,
अमोनियाचा वास उदबत्तीइतका ओळखीचा.
पाण्याची लादी व्हायला चोवीस तास जातात.
रात्री वीज गेली की हा ताडकन उठतो,
पंखा थांबला म्हणून नाही,
टाकीची घरघर थांबली म्हणून.
"तिथे तो वरून पडतो," म्हणाला,
"बिल न येता. आणि कुणी उचलतसुद्धा नाही."
धंद्यातल्या माणसाची असूया होती ती,
मला कळली.

हिशेब माझ्याकडे.
लादीला दीडशे.
विमान, पाच रात्री, विमा, लोकरीचे मोजे,
सगळं मिळून साडेतीन हजार लाद्या.
वहीत मी तसंच लिहिलं.
रुपयांत लिहिलं असतं
तर गेलोच नसतो.

तारखा जमेनात.
डिसेंबरात बांगडा जोरात,
ट्रॉलर पहाटे दोनला लागतात,
नाताळात हॉटेलवाल्यांना पोत्यांनी चुरा हवा,
साऱ्या थंड देशांना तेव्हाच
आमच्याकडचं ऊन हवं असतं.
जूनमध्ये मासेमारी बंद, आम्ही मोकळे,
तर तिथला बर्फ वितळलेला.
शेवटी जानेवारीचे पाच दिवस कोरले,
नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला,
जिथे नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
त्याच सुमाराला परत डोकं काढतो म्हणे,
कामावर उशिरा आलेल्या पोरासारखा.

शेजारच्या बस्त्यांवने कोट आणून दिला.
तेवीस वर्षं तारवटी होता तो.
कोट नार्विकला घेतलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा,
एका खिशात गंजलेली सुई, दोरा ओवलेला.
"बटणं घट्ट करून घे, वारा बटणातूनच शिरतो.
आणि आतून दोन दोन घाल रे, लाजू नको."
कोट एक, माणसं दोन.
म्हापशाच्या बाजारात माझ्यासाठी हिंडलो,
दुकानदार हसला: "स्वेटर?
असतील बघा, रेनकोटांच्या मागे."

काल रात्री तालीम केली.
साठवणीच्या खोलीत दोघं जाऊन बसलो,
पालथ्या क्रेटवर,
उणे आठ, दार लोटलेलं, थर्मासात चहा.
"तिथे याच्याही खाली दहा," तो म्हणाला.
मला आधी घाम आला,
मग तो घामच गार झाला.
दहा मिनिटं ठरली होती.
सहाव्याला माझी नजर त्याच्या हाताकडे गेली,
उजवी दोन बोटं,
नळी फुटली होती सत्त्याण्णव साली.
त्यांना थंडी कळत नाही.
हातमोजे मात्र पाच बोटांचेच मिळतात.

"इतकी वर्षं झाली," मी म्हटलं,
"मला तर यात बघण्यासारखं काही दिसत नाही."
तो भिंतीला रचलेल्या लाद्यांकडे बघत राहिला,
चाळीसच्या पिवळ्या बल्बमध्ये
त्या साबणासारख्या दिसत होत्या.
"उन्हात कधी बघितलाय आपण बर्फ?
निवांत, बसून?"
मी आठवून पाहिलं.
उन्हात आला की आम्ही ओरडायचो,
गोणपाट टाका, गोणपाट.
उन्हातला बर्फ म्हणजे नुकसान.

मग धक्क्यावरून फोन आला, साठ हव्यात, आत्ता.
बस्त्यांवचा कोट अंगात तसाच ठेवून
तो आकड्याने लाद्या ओढायला लागला,
कोटाची किनार ओली होत गेली.
मी दार उघडलं,
बाहेरच्या दमट हवेत
आमच्या दोघांच्या अंगातून वाफ निघाली.
वहीत साठ वजा केल्या.
दोनशे ऐंशी उरल्या.