तीन शून्य

ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर.
हे खाली, ओपीडीच्या टोकाला.
पूर्वी इथं प्लास्टर घालायचे,
फरशीच्या सांध्यांत अजून पांढरे शिंतोडे.
एक खिडकी, एक दिवा, एक अरुंद टेबल
आणि त्यावर इस्तारी कोंडा, वय त्रेपन्न,
डाव्या हाताचं मधलं बोट सरळच राहिलेलं,
सगळी मूठ मिटली तरी.

"खाऊन आलात?"
"आलो की. दीड भाकरी, शेंगाचटणी.
तुम्हीच म्हणलाव, उपाशी येऊ नका."

एकदाच टोचेल, सांगते. हळू सोडते औषध.
तळहात फुगतो, मग पांढरा पडत जातो,
रंगखात्यात जाण्याआधीच्या टॉवेलासारखा.
मग थांबायचं. पंचवीस मिनिटं.

ही पंचवीस मिनिटं मला कुणी शिकवली नव्हती.
वर माणूस झोपलेला असतो,
हिरव्या कापडातून फक्त हात बाहेर,
हाताला कुणी काही विचारत नाही.
इथं विचारावं लागतं.
पुष्पलता सिस्टर विचारतात, किती साचे?
"चार. अकरा, बारा, तेरा, चौदा."
चौदावर धागे गुंतले. कापायला ब्लेड घेतलं.
"साचा बंद नव्हता केला?"
तो खिडकीबाहेर बघतो.
बाहेर अक्कलकोट रोडचं ऊन,
बाचक्यांनी लादलेला टेम्पो मागं मागं येतोय.

उघडलं. रक्त बेताचंच.
खालचं टोक समोर, वरचं आखडून
तळहातात कुठंतरी दडलेलं.
"काय शोधलालाव बाई?"
"दुसरं टोक."
"बघू का?"
बहुतेक जण भिंतीकडं तोंड करतात.
बघा, म्हटलं.
त्यानं मान उचलली, आणि पाहिलं,
आपल्याच हातातलं, जन्मापासून न दिसलेलं
ते पांढरं, चमकणारं, ओलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पीळ चांगला हाय."

टाके घातले. चार पदर. वरून बारीक शिवण.
मला आवडलं माझं काम.
"आता मिटा बोट. हळू."

वर असते तर इथंच संपलं असतं.
कातडी शिवली असती, पट्टी बांधली असती,
सहा आठवड्यांनी कळलं असतं, किंवा कळलंही नसतं.

बोट निम्म्यावर आलं आणि अडलं.
"पुन्हा."
अडलं.
"गाठ मोठी हाय," तो म्हणाला,
कुणाला दोष न देता, जसं शेजारच्या
मागवाल्याला सांगावं.
"फणीत अडकलालीय."

बोटात आत चिवट कमानी असतात,
त्यांच्याखालून दोरी सरकते.
हे मी पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं,
चार वर्षं दुसऱ्यांना शिकवलं.
फणी मात्र कधी म्हटलं नव्हतं.

सिस्टर माझ्याकडं बघत नव्हत्या. ते बरं झालं.
एक टाका उसवला, पुन्हा घातला, गाठ आत दडवली.
कमान एका कडेनं जराशी मोकळी केली.
"मिटा."
गेलं.
"उघडा."
आलं.
"मिटा."
आता तो सांगण्याआधीच मिटत होता, उघडत होता,
आणि आम्ही तिघंही
त्या इवल्या पांढऱ्या सरकण्याकडं
वाकून बघत होतो.
कूलर धडधडत होता. कुणी बंद केला नाही.

पट्टी झाली. फळी झाली.
सहा आठवडे माग नाही, सांगितलं.
तो "बरं" म्हणाला, पण तसं नाही,
तोंडी हिशोब करताना म्हणतात तसं.
चौदा नंबर कोण बघणार, विचारलं नाही मी.

उठताना ट्रेमधला उरलेला तुकडा दाखवला.
"घेऊ का हात लावून?"
उजव्या चिमटीत धरला,
अंगठ्यानं चोळला, उजेडात धरला.
"किती नंबरचं?"
"तीन शून्य."
"शून्य नंबरचं सूत?"
तो पहिल्यांदाच हसला.
म्हटलं, आमच्यात शून्यं वाढली
की सूत बारीक होत जातं.
त्यानं पुन्हा चोळून पाहिलं,
मान हलवली,
आणि तुकडा ट्रेमध्ये
होता तसा सरळ करून ठेवला.