आठ दिवसांचं दार

फाट्यावर आयव्हीची फांदी टांगली
की येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं, आमचं दार उघडं आहे.
आठ दिवस. नवव्या दिवशी पेला विकला तर दंड.
कार्स्टच्या या दगडी पठारावर
कायदा असा पानांनी लिहिलेला,
वाळत जाणारा.

अंगणात बाकं. त्रिएस्तेहून आलेली दोन जोडपी,
आणि गुरांची डॉक्टर झ्वेझ्दाना,
पिता यावं म्हणून सहा किलोमीटर चालत आलेली.
आधी वितोव्स्का, फिकट, थंड,
सोबत उकडलेलं अंडं, त्यावर
हॉर्सरॅडिशचा कीस, मेंदूत झणकणारा.
मग मेंढीच्या चीजसोबत मालवाझिया.
तेरान शेवटी. तेरानच्या आधी कुणी घाई करायची नाही.

माझे सासरे रादिवोय पेल्यात नाक खुपसतात,
डोळे मिटतात,
मग सावकाश मान हलवतात.
तेवढा वेळ बाकांवरची बोलणी थांबतात.
पन्नास वर्षांची मान आहे ती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चार नंबरच्या पिंपाला
तशीच मान हलवली.
चार नंबर नासलं होतं.
मी समुद्राकाठच्या मिठागराची लेक,
वाइनमधलं मला काय कळतंय,
पण शिरका ओळखायला घराणं लागत नाही.
मी बोलले नाही. बूच घट्ट मारलं,
आणि खडूच्या चारवरून
ओला फडका फिरवला.

रात्री पेले विसळताना तेच म्हणाले,
"फेब्रुवारीतल्या तापापासून."
चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, अशा आवाजात.
"फक्त तो कीस अजून झोंबतो.
म्हणून रोज दोन अंडी खातो."

मग तळघरात आम्ही दोघं, एक बल्ब, एक पेला.
"तू हुंग. मी चाखतो."
मला पाहुण्यांचे शब्द येत नाहीत,
ते व्हायोलेट, ते रानटी चेरी.
म्हटलं, याला आमच्या मिठागराच्या फाटकाचा वास आहे,
पहाटे उघडलं की तळव्याला दिवसभर राहतो तो.
"लोखंड. म्हणजे तेरान बरी आहे. पुढे?"
याला मोज्यांचा. लोकरी, ओले, शेगडीवर टाकलेले.
"पिंप नीट धुतलं नाही तुझ्या नवऱ्यानं."
आणि याला,
आजारी माणसाच्या उशाशी चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा,
ज्याला कुणी हात लावला नाही.
ते जरा थांबले.
"ही लवकर संपवू," म्हणाले.

मग त्यांनी पर्शुत कापला, इतका पातळ
की पलीकडून बल्ब लाल दिसावा.
वर्षभर बुर्या वाऱ्यात टांगलेली ती मांडी.
"तोंडात ठेव. चावू नकोस. चरबी विरघळू दे.
आता घोट घे.
आंबट आलं? चरबी पुसली गेली?
मागून तुरट, जिभेला खडू लागल्यासारखं?
आता मीठ पुन्हा भूक लावतंय. बघ.
इथे नाकाचं काय काम?"
असं म्हणाले खरं, पण पुढच्या घोटाला
पेला आधी नाकाशीच गेला.
डोळेही मिटले.
मी बरणीचं झाकण लावत बसले, लागलेलंच.

"मीठ कुठलं वापरतो आपण?"
"माझ्या माहेरचं."
नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी.

पुढचे दिवस मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले
आणि पेला देताना हळूच सांगत गेले,
फाटक, दप्तर, दाढीचा साबण,
आणि ते पाहुण्यांकडे वळून
त्याचं चांगल्या भाषेत काहीतरी करत राहिले.
झ्वेझ्दानाला बहुधा कळलं.
तिने दुसरं अंडं मागितलं, आणि कीस
त्यांच्या ताटलीत सरकवला.

आठव्या संध्याकाळी फांदी उतरवायला
आम्ही फाट्यापर्यंत गेलो.
पानं कडेनं वळली होती.
त्यांनी एक चुरगळून नाकाशी नेलं,
टाकून दिलं,
आणि रस्त्याकडे बघत विचारलं,
"मला वास येतो का गं कसला?
म्हाताऱ्यांना येतो तसला. मला कळायचा नाही."

धूर, लोकर, तेरान, थोडा घाम.
"साबणाचा," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
चार नंबरच्या पिंपाला हलवली होती
अगदी तशीच.