निवासी की व्यावसायिक

मी विद्युत विभागातला, कनिष्ठ अभियंता.
खांद्याला लक्समीटर, खिशात घडी मोडलेलं परिपत्रक,
आणि रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी
ऐरोलीत एका टाइल्सच्या शोरूमखाली उभा.
बोर्ड अकराला बंद व्हायला हवा.
वॉचमन म्हणतो, टायमर बिघडलाय साहेब.
गेल्या महिन्यातही तो बिघडलेलाच होता.
समोर पहिल्या मजल्यावर कुणीतरी
खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलंय.
मीटर धरला: एकोणतीस. चालतात पाच.
लिहिलं. सही घेतली.

पुढे तुंगारेंचं रो-हाउस, फाटकावर दोन हॅलोजन.
"चोरांसाठी लावलेत," म्हणाले.
त्यांना नीट दिसावं म्हणून का,
हे मी विचारलं नाही.
दिव्याला टोपी घाला, झोत खाली वळवा,
एवढंच सांगून निघालो.

तिसरी तक्रार दिवागावची.
गावाचं नाव दिवा आणि तक्रार उजेडाची;
ऑफिसात सगळे हसले होते, मीसुद्धा.
चांगुणा कोळी, वय एकाहत्तर, धंदा चिंबोऱ्या.
ती बंधाऱ्यावरून पुढे, मी चपला हातात घेऊन मागे.
खाडीकाठी टर्फचे आठ खांब,
जाळीआड नो-बॉलवरून भांडण रंगलेलं,
आणि तिवरांच्या मुळांवर दुपारसारखी सावली.

"आवसंला चिंबोरी भरते, पुनवंला पोकल.
हे खांब आल्यापासना रोजचीच पुनव."
पगोळीतली एक तिनं उलटी करून दाबली.
पोट बोटाखाली वाकलं.

मी चिखलावर मीटर धरला. सात.
सात म्हणजे किती, ते चिखलासाठी
परिपत्रकात कुठेच नाही.
फॉर्मवर चौकोन दोन:
निवासी. व्यावसायिक.
खाडी कशात घालू, मी स्वतःशीच पुटपुटलो.
"तिचं घर हाय," म्हातारी म्हणाली,
"न माजा धंदा. दोनी लिव."

दोन्हींवर खूण केली.
सोमवारी कॉम्प्युटर त्यातली एकच घेईल, ठाऊक आहे.

बाराला खांब विझले.
मीटर तरी शून्यावर आला नाही,
ढगांना खालून शहर लागलेलं होतं.
माझं पेन हातातून निसटलं,
चिखलात चाचपडत राहिलो, मोबाइलचा टॉर्च शोधत.
"थांब, पेटवू नको," ती म्हणाली,
आणि वाकून, पहिल्याच खेपेला,
पेन उचलून माझ्या हातात दिलं.