फिलर गेज

नंदुरबारची सीट लागली, तेव्हा आईनं
नकाशा बघितला नाही.
एवढंच विचारलं, तिकडं थंडी असती काय गं?

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत हजर व्हायचं,
नाहीतर सीट सुटली.
जशी एसटी सुटते.
एसटीच्या मागं निदान पळता तरी येतं.

मला एक वर्ष पायजे.
हे वाक्य रंकाळ्याच्या कडेनं चालताना
मोठ्यानं म्हणून बघितलं.
शेंगावाल्या बाईनं मान वर केली,
तिला वाटलं, मी भाव विचारला.

कशाला, म्हणतात सगळे.
चार पर्याय दिले असते
तर एकावर खूण करून मोकळी झाले असते.
लातूरच्या खोलीत दोन वर्षं
मी हृदयाचे चार कप्पे पाठ करत होते,
कुठली झडप कधी मिटते, झोपेतसुद्धा सांगेन.
आणि परवा कालिंदी आत्याला डबा द्यायला सीपीआरमध्ये गेले,
तर अकरा नंबरच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं
पाणी मागितलं.
त्याचं डोकं कसं उचलायचं, कुठल्या हातानं,
मला कळेना.
निम्मं पाणी सदऱ्याच्या गळ्यात गेलं.
तो हसला. म्हणाला, असूंदे, डॉक्टर.

डॉक्टर.

म्हणून पायजे वर्ष. बहुतेक.
किंवा मी नुसतीच दमले आहे
आणि दमण्याला पांढरा कोट चढवते आहे.

अफरीन मुजावर मिरजेत पोचलीसुद्धा.
सीनियरकडून हाडांची पेटी घेतली,
व्हिडिओ कॉलवर कवटीला माझं नाव देऊन हसली.
निशिगंधा सुतारनं मागच्या वर्षी गॅप घेतला,
त्यांच्या घरात अजून कुणी मोठ्यानं टीव्ही लावत नाही.

उद्यमनगरात, आबांच्या शेडमध्ये,
खिळ्याला एक फिलर गेज लटकतो.
पोलादी पात्यांची जुडी, एक पातं केसाएवढं, एक नखाएवढं.
दोन भागांत किती जागा सुटली, त्यानं मोजतात.
"गॅप ठेवला न्हाईस तर गरम हून जाम हुतंय,"
आबा हे नव्या पोराला सांगत होते, मला नाही.
मी मात्र मनात टिपून ठेवलं,
मामांच्या तोंडावर टाकायला बरं.

रात्री आबा मला गंगावेशीला घेऊन गेले.
म्हैस समोर, धार ग्लासात, फेस मिशीला.
मी गेजचं वाक्य काढणार,
एवढ्यात तेच म्हणाले,
"मी बी एका वर्षासाठनंच आलतो लेथवर.
अकरावी झाल्यावर. बघू म्हणून."

ग्लास मोकळा करून कट्ट्यावर उपडा ठेवला.
किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
त्यांच्या डाव्या अंगठ्याचं फुटकं नख
मला पहिलीपासून पाठ आहे.

गाडीला किक मारता मारता म्हणाले,
"भ्या घालत न्हाई तुला.
वर्ष घेतीस तर घे. खरं माप लिहून दे."
आणि डिकीतनं एक कोरं जॉब कार्ड काढून दिलं,
कोपऱ्याला ऑइलचं बोट.

आता बुधवारचे रात्रीचे दीड वाजलेत.
कामाचे नाव, या रकान्यात मी लिहिलंय:
सकाळी सात ते अकरा, सीपीआर, आत्याबरोबर.
पाणी पाजायला शिकणे.
खोडलं. परत लिहिलं.
कारागीर: मीच.
मुदत, या शब्दापुढं
पेन टेकलंय, शाई पसरत चाललीय.

पलीकडच्या खोलीत आई
बॅगेत स्वेटर भरते,
काढते,
घडी मोडून परत घालते.