गेल्या तीस दिवसांत

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा
हातातला टॅबलेटसुद्धा शिंकेल असं वाटतं.
माझ्या यादीतलं सोळावं घर :
धुरपताबाई उखा भोई.
माणसं पाच, चूल एक,
गॅसची टाकी आहे, तिच्यावर पाण्याचा हंडा.

मी कंत्राटी. घरामागे ठरलेले पैसे,
पेट्रोल माझं.
प्रश्न सरकारचे, आणि बहुतेक सगळे
एकाच तोंडानं सुरू होतात :
गेल्या तीस दिवसांत.

गेल्या तीस दिवसांत तेल किती?
"दहा रुपयानं, रोज. इतवारले वीसनं."
मी लिटर विचारतो. ती हसते.
लिटरनं तेल घेणारे हाटदरवाज्याच्या पलीकडे राहतात.

मिरची?
"मिरची इकत कसाले लेऊ, भाऊ?
ती ते लुगडालेच चिटकीसन येस."

खरंच. पथारीवरून आली की
ती दारातच थांबते, पायाशी परात ओढते
आणि पदर झटकते.
देठ खुडायचे किलोवर पैसे मिळतात,
ही परातीतली लाल धूळ मात्र
विकत घेतलेली नाही, घरी पिकवलेली नाही,
कुणी भेट दिलेली नाही, उधार नाही,
आणि चोरी म्हणावी तर
मालकच रोज बघतो.
रकान्यात पर्याय चार.
मी पाचवा शोधत बसतो.

खोकल्यावर औषध?
"खोकला आजार नही. तो ते कामना शे."
मी शून्य टाकतो.

तांदूळ?
इथे ती आधी माझ्याकडे बघते,
मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे,
मग त्यावरच्या फोटोकडे. फोटोत मला मिशी आहे.
"रेशनना भेटस. पंचवीस किलो."
त्यातला खाल्ला किती?

कोपऱ्यात दादरचं पोतं उभं आहे, तोंड बांधलेलं.
महिन्यातून एकदा उखा सायकलवर तांदूळ टाकतो
आणि किराण्यावर जातो :
दोन मापं तांदूळ, एक माप दादर.
तो तांदूळ पुढे कुठे जातो,
कोणत्या गिरणीत उजळून, कोणाच्या शिक्क्याच्या पोत्यात
पुन्हा विकायला येतो,
हा प्रश्न माझ्या संचात नाही.
"भात खाईसन पोट भरस का, भाऊ?"

मी लिहितो :
तांदूळ, मोफत, पंचवीस किलो, सगळा खाल्ला.
तिनं काही मागितलं नव्हतं.
मीही काही बोललो नाही.
माणशी पाच किलो, हिशोब बरोबर जुळला,
टॅबलेटवर हिरवी खूण आली.

कधीतरी, थंड खोलीत, कुणीतरी आलेख काढेल.
आमच्या जिल्ह्यात भात खाणं वाढलंय, म्हणेल,
भाकरी मागे पडतेय, आवडीनिवडी बदलतायत.
त्यावर एखादी योजना निघेल,
किंवा एखादी बंद होईल.
रेघ जिथे जराशी वर चढली असेल
तिथे पंचवीस किलो माझे.

उठताना तिनंच विचारलं :
"तुले कितला भेटतस एक घरना?"
मी आकडा सांगितला.
ती बोटांवर मोजू लागली. लालबुंद बोटं,
रात्री आग होते म्हणून ताकात बुडवते ती
(ताक शेजारणीचं, तेही कुठल्या रकान्यात बसलं नाही).
अर्धा दिवस गेला. पेट्रोल वजा.
कुलूप बघून परत गेलास त्या दोन चकरा वजा.
बोटं संपायच्या आत तिचा हिशोब झाला.
"मंग तू भी देठंच खुडस."

घरी आलो, विसरून डोळा चोळला.
अर्धा तास नळाखाली.
बायको म्हणाली, मिरची कुठून आणली?

विकत नाही, म्हटलं.